पाठवणारी एक, उघडणारी एक

"एकही नाही?"

"एकही नाही. भोपळा."

"साहेब, टपालाची पेटी नीट उघडली होतीत ना?"

"बाई, बावीस वर्षं मी कॉलेजचं टपाल उघडतोय. आधी कागदाचं, आता हे कॉम्प्युटरचं. पेटी कशी उघडायची ते मला शिकवू नका."

"मग मुलींनी अर्ज भरलेच नसतील. आजकाल कुणाला नर्स व्हायचंय."

"माझ्या साडूच्या मुलीने कालच भरलाय. माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीत बसून. तुमचं ते हिरवं बटण दाबलं आणि लगेच पाटी आली, 'अर्ज पाठवला, आभारी आहोत'. मीच तिला म्हटलं, बघ, किती अदबीचं बटण आहे."

"पाटी आली ना? मग पोचलाच."

"कुठे पोचला, बाई? कुठे?"

छोटीने टेबलावरचा स्टेपलर उचलून उजवीकडून डावीकडे ठेवला, आणि थोडा विचार करून परत उजवीकडे ठेवला.

समोर उभे होते नर्सिंग कॉलेजचे हेडक्लार्क. उंच, काटकुळे, खिशाला तीन पेनं. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात ते खालून वाकून आत शिरले होते, आणि तेव्हापासून त्यांनी श्वास घेतला असेल तर छोटीला तो दिसला नव्हता. अर्ज भरायची मुदत अकरा दिवसांची होती, ती काल संध्याकाळी संपली. पहिले दहा दिवस पेटी रिकामी होती तेव्हा हेडक्लार्क निर्धास्त होते. मुली शेवटच्या दिवशीच जाग्या होतात, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. आज सकाळी मात्र पेटी उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी चारला प्रवेश समिती बसणार होती.

"गठ्ठा नाही तर यादी नाही. यादी नाही तर प्रवेश नाही. प्रवेश नाही तर मुलींचं वर्ष गेलं," हे ते तिसऱ्यांदा म्हणाले. "आणि मला विचारतील, फॉर्म कुणाकडून करून घेतलात? मी काय सांगू? कोपऱ्यावरच्या दुकानातून?"

"तेच सांगा. बाहेर पाटीपण तीच आहे."

पाटी खरोखरच तीच होती. फॉर्मचं दुकान. बाकी काही नाही.

छोटी आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती. रस्त्याला ती छोट्या बाई, घरात छोटी. तिला नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे शाळेतले हजेरी घेणारे मास्तर. दुकान तिच्या बाबांनी काढलं. समोर एका रांगेत सगळ्या कचेऱ्या: कोर्ट, नोंदणी, पाणीखातं, वाहनखातं. त्यांच्याकडे तोंड करून बाबांनी एक टेबल आणि एक टाइपरायटर मांडला आणि भिंतीला चाळीस खणांचं कपाट ठोकलं. एकेका खणात एकेक फॉर्म. नाव बदलण्याचा, नळ जोडण्याचा, नळ तोडण्याचा, हरवलेल्या वस्तूचा, सापडलेल्या वस्तूचा. बाबा म्हणायचे, "माणूस येतो तेव्हा एक फॉर्म, जातो तेव्हा एक. मधल्या काळात आपलं दुकान."

बाबांचा एक नियम होता, आणि तो दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त प्रसिद्ध होता. पहिला फॉर्म विकत, दुसरा कोरा फुकट. कुणी खाडाखोड केली, कुणाच्या पेनाने शाई ओकली, कुणी बायकोच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, की बाबा न बोलता दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवायचे. "चुकायचं असेल तर इथे चुकून घ्या. पलीकडे चुकलात तर परत पाठवतात."

बाबांमागे दुकान दोघी मुलींनी चालवलं. मोठी सहा वर्षांनी मोठी. ती मोठ्या बाई, छोटीची ताई. काउंटरमागे दोन स्टुलं. ताईच्या अंबाड्यात कायम एक लाल पेन्सिल खोवलेली, आणि भरलेला फॉर्म तिच्या हातात गेला की चूक आपण होऊन शरण यायची. छोटीचं काम रेघा मारायचं. कोरे फॉर्म ती आखायची, आणि त्या चौकटी इतक्या नेमक्या असायच्या की लोकांचं अक्षरसुद्धा त्यांत शहाण्यासारखं बसायचं.

मग कचेऱ्यांनी कागद घ्यायचं बंद केलं. रस्त्यावरच्या सगळ्यांनी दुकानाला मनातल्या मनात कुलूप लावून टाकलं. छोटीने एकेचाळिसाव्या वर्षी तीन आठवड्यांचा क्लास लावला. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, पहिल्या दिवशी एकाने तिला विचारलं, "काकू, मुलाला सोडायला आलात का?" तिसऱ्या आठवड्यात तोच तिच्याकडे अडलेला फॉर्म घेऊन आला.

कॉम्प्युटरवर भरायच्या फॉर्ममध्ये चौकटी असतात, टिंबं असतात, बरोबरच्या खुणा असतात. छोटीचा जीव जडला तो बटणांवर. रेघ बिचारी नुसती पडून असते. बटण काम करतं. एक दाबलं की राहण्याचा पत्ता कायमच्या पत्त्याच्या जागी आपण होऊन जाऊन बसतो. एक दाबलं की मदतीची ओळ उघडते. 'आणखी एक अपत्य' असं एक बटण होतं, ते दाबलं की खाली नवी ओळ यायची. एका आजोबांनी ते सहा वेळा दाबलं, मग छोटीकडे चोरून बघितलं आणि म्हणाले, "तेव्हा करमणुकीची दुसरी साधनं नव्हती हो."

दुकानात थांबलेल्या प्रत्येकाला ती समजावून सांगायची, त्याला हवं असो वा नसो. "बटणाला दोन अंगं. वरचा चेहरा आणि आतलं काम. चेहऱ्यावर काय वाटेल ते लिहा. आत जे सांगून ठेवलंय तेच ते करणार."

आणि नवीन फॉर्म तयार झाला की त्याची चाचणी व्हायची, ती अख्ख्या रस्त्याला ऐकू जायची. छोटी पुढे काउंटरवर बसून फॉर्म भरायची आणि 'पाठवा' दाबायची. ताई मागच्या खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर. तिच्याकडे अर्ज आला, तिने तो उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला, की ती ओरडायची, "पोचला." शेजारचा वह्यापुस्तकांचा दुकानदार तिकडून म्हणायचा, "इथेही पोचला, मोठ्या बाई." गिऱ्हाइकांचे खरे अर्जही आधी ताईकडेच यायचे, तिच्या लाल पेन्सिलीखालून जायचे आणि मग मालकाकडे. ताईचं म्हणणं असं होतं, "पाठवणारी एक हवी, उघडणारी एक हवी. दोन्ही एकीनेच केलं की ती मनातल्या मनात पोचवते."

आता मागच्या खोलीत छपाईच्या कागदांचे गठ्ठे होते. दोन वर्षं छोटी एकटीच बटण दाबत होती, आभाराची पाटी बघत होती आणि हळूच स्वतःशी "पोचला" म्हणत होती.

"बाई, तुम्ही ऐकताय ना?" हेडक्लार्क म्हणाले.

"ऐकतेय. एक मिनिट."

तिने कॉलेजचा फॉर्म उघडला. चार पानं, शेवटच्या पानावर तळाशी ते बटण. शेवाळी हिरवं, कडा गोल, दाबलं की खऱ्या बटणासारखं जरासं आत बसणारं. तिच्या हातून झालेलं सगळ्यांत देखणं बटण. पण ते या फॉर्मसाठी केलेलंच नव्हतं. कॉलेजच्या प्राचार्य बाई म्हणाल्या होत्या, फॉर्म जरा प्रसन्न दिसू दे. तेव्हा छोटीने एक जुनी फाईल उघडली होती, ताईबरोबर केलेल्या शेवटच्या फॉर्मची. एरवी ती त्या फाईलच्या वाटेलाच जात नसे. त्या दिवशी मात्र गेली, बटण उचललं, कॉलेजच्या फॉर्मवर आणून ठेवलं, त्यावरचं 'नोंदणी करा' पुसून 'अर्ज पाठवा' लिहिलं आणि पटकन ती फाईल मिटून टाकली. जरा जास्तच पटकन.

चेहरा बदलला होता. आत काय होतं?

तिने बटणाचं आतलं उघडलं. तिथे ताईचा ई-मेल पत्ता होता.

"काय झालं?" हेडक्लार्कांनी विचारलं. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"अर्ज पोचलेत."

"कुठे?"

"माझ्या बहिणीकडे."

हेडक्लार्कांनी सकाळपासूनचा पहिला श्वास सोडला. "अहो, मग घरातच आहेत की. लावा फोन."

"मी तिच्याशी बोलत नाही."

"म्हणजे आज?"

"दोन वर्षं."

हेडक्लार्कांनी मागे न बघता एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"त्या स्टुलावर नका बसू."

ते उठले.

भांडण एका बटणावरूनच झालं होतं. बाबांचा नियम कॉम्प्युटरवरही चालू राहिला पाहिजे, असा ताईचा हट्ट. म्हणून प्रत्येक फॉर्मवर 'पाठवा'च्या शेजारी, त्याच मापाचं, दुसरं एक बटण असायचं: 'कोरा करा'. दाबलं की सगळा फॉर्म पहिल्यासारखा स्वच्छ. लोकांना आवडायचं ते. मग एक दिवस एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले. हात थरथरणारा, दोन बोटांनी टाइप करणारे. सात पानी अर्ज त्यांनी घरी बसून दीड दिवस भरला होता आणि शेवटी 'पाठवा'ऐवजी त्याच्या शेजाऱ्याला दाबलं होतं. ते ओरडले नाहीत. काउंटरला धरून उभे राहिले आणि छोटीला म्हणाले, "पोरी, मला परत तेवढं आठवणार नाही गं."

छोटीने त्याच दिवशी एकतीस फॉर्मांतून ते बटण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ताईने आल्या आल्या विचारलं, "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"बाबांचा नियम होता तो."

"बाबांचा कोरा कागद आधीचा कागद खात नव्हता, ताई."

याच्यापुढे आणखी वीस मिनिटं झाली, त्यात बाबा, आई, कुणाचं लग्न आधी ठरलं, कुणी शिक्षण सोडलं असं सगळं येऊन गेलं. बहिणींचं भांडण मुद्द्यावर राहिलं तर ते बहिणींचं कसलं. शेवटी छोटी म्हणाली, "मग मी एकटीनेच चालवू का दुकान?" ताईने अंबाड्यातली लाल पेन्सिल चाचपून बघितली, पिशवी उचलली आणि बाहेर पडली. तेव्हापासून तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहून दोघींचं बोलणं बंद. भाजीवाल्याकडे समोरासमोर आल्या तर दोघी एकदम टोमॅटो निवडायला लागायच्या. भाजीवाल्याचे टोमॅटो त्या दोन वर्षांत चांगले खपले.

"चला," छोटी म्हणाली आणि शटर ओढलं.

"स्कूटरवर बसा मागे."

"मी चालत येते. मला विचार करायचाय."

मग हेडक्लार्कही स्कूटर हाताने ढकलत तिच्या बाजूने निघाले. एवढं संकट अंगावर असलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय किती वेळ राहणार?

"पहिलं वाक्य ठरवून ठेवा. पुढचं आपोआप येतं. 'ताई, कशी आहेस?' कसं वाटतं?"

"ती म्हणेल, दोन वर्षांनी आठवण झाली का."

"मग 'ताई, माझं चुकलं'?"

"कशाचं? त्या बटणाचं माझं चुकलं नव्हतं."

"बरं, सरळच. 'ताई, अर्ज दे.'"

"म्हणजे मी कामापुरती आले."

"तुम्ही कामापुरत्याच आला आहात ना, बाई?"

छोटी थांबली. हेडक्लार्कांनी ब्रेक दाबला. "साहेब," ती म्हणाली, "तुमच्या घरी बहिणी किती?"

"एकही नाही."

"वाटलंच."

ताई तळमजल्यावर राहायची, मुलगा आणि सुनेबरोबर. ती दोघं दिवसा नोकरीवर. छोटीने घंटीकडे हात नेला, मागे घेतला, परत नेला, आणि तेवढ्यात दार आतूनच उघडलं. ताई. केस आता पुरते पांढरे. अंबाड्यात लाल पेन्सिल.

"उशीर केलास," ताई म्हणाली. "चारला समिती, अर्जावरच लिहिलंय. मी म्हटलं दहापर्यंत येशील. अडीचपर्यंत वाट बघणार होते, मग मीच निघाले असते. हे कोण?"

"हे कॉलेजचे..."

"हेडक्लार्क. या. तुमचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येतोय."

वाटेत चाचपून बघितलेली तिन्ही वाक्यं वाया गेली.

जेवणाच्या टेबलावर अर्ज मांडून ठेवले होते. सगळे छापलेले, आडनावांच्या क्रमाने लावलेले, दहा-दहाचे गठ्ठे करून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. बाजूला एक वही, तिच्यात तारखा आणि फोन नंबर. हेडक्लार्क टेबलाजवळ गेले आणि समिती, यादी सगळं विसरून नुसते बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांना कुणी अर्ज असे लावून दिले नव्हते.

"त्रेसष्ट," ताई म्हणाली. "चौपन्न नीट होते. नऊ अपुरे होते, तेही आता नीट आहेत."

"अपुरे होते म्हणजे? नीट कुणी केले?"

"मी फोन केले मुलींना. एकीने जन्मतारखेच्या चौकटीत आजची तारीख घातली होती. म्हणजे जन्मली आणि लगेच नर्स व्हायला निघाली. एकीने आईचं नाव, तिथे 'आई' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, बाळ, आईला नावही असतं, जा विचारून ये. ती खरंच विचारायला गेली. आणि एका मुलीने उंचीच्या जागी मोबाईल नंबर लिहिला होता. कुणी शेजारी बसून घाई करत होतं म्हणाली, सारखं 'किती अदबीचं बटण आहे, किती अदबीचं बटण आहे' चाललं होतं त्यांचं."

हेडक्लार्क एका अर्जाकडे टक लावून बघू लागले. तो अर्ज त्यांनी उलटा धरला होता.

"तुम्ही कॉलेजच्या नावाने फोन केलेत?" ते जरा वेळाने म्हणाले.

"नाही. मी म्हटलं, फॉर्मच्या दुकानातून बोलतेय."

छोटीने मान वर केली. ताईने ती वर केलेली बघितली आणि पाण्याचा जग उगाचच टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला नेला.

"पहिला अर्ज आला त्या दिवशी," ताई म्हणाली, "मी सुनेला दाखवला. म्हटलं, बघ, छोटीने परत माझ्याकडे अर्ज पाठवायला सुरुवात केली. तोंडाने 'ये' म्हणायची नाही, बटणातून म्हणेल. लहानपणापासून तशीच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं."

"अहो, पण ते तर चुकू..." हेडक्लार्क म्हणाले.

"साहेब, पाणी घ्या," छोटी म्हणाली आणि त्यांच्या हातात पेला दिला.

"तहान नाही मला. मी म्हणत होतो की ते बटण..."

"घ्या हो. उन्हातून आलात."

तिने पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते निमूट प्यायला लागले. आज ऊन नव्हतंच.

ताई अर्जांचे चिमटे काढून एकच मोठा गठ्ठा बांधायला लागली होती. सुतळी दाताने तोडत, हिशेबीपणे गाठ मारत. "अकरा दिवस मला दुपारची झोप नाही," ती सुतळीशी बोलल्यासारखं म्हणाली. "सून म्हणते, आई, तुम्ही गुणगुणायला लागलात. मी कसली गुणगुणतेय. एक मुलगी तर रोज फोन करते आता. 'बाई, मला प्रवेश मिळेल ना?' मी म्हणते, अगं, मी कोण सांगणार, तू अक्षर तेवढं सुधार."

छोटीच्या जिभेच्या टोकावर 'चुकून' हा शब्द येऊन बसला होता. तिला कधी खोटं बोलता यायचं नाही. चौकटीत जे विचारलंय तेच लिहायची सवय. पण अजून तिला कुणी विचारलेलं नव्हतं. आणि न विचारलेलं आपण होऊन कुठे लिहितात?

"मग येतेस का?" ती म्हणाली. "दुकानात."

ताईने गाठ ओढून घट्ट केली. "माझी एक अट आहे."

"'कोरा करा'."

"'कोरा करा'."

"ताई, ते 'पाठवा'च्या शेजारी नाही लावणार मी. मेले तरी नाही. ते चित्रकलेचे मास्तर अजून माझ्या डोळ्यांसमोर उभे आहेत."

"माझ्यापण आहेत. तुला काय वाटलं, मी दगड आहे? मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले होते. तीन दिवस गेले. सातही पानं मी लिहून घेतली, ते सांगायचे आणि मी भरायची."

छोटीला हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणार कोण. जी सांगू शकत होती ती टोमॅटो निवडत होती.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

छोटीने हेडक्लार्कांच्या खिशातलं एक पेन ओढलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर एक चौकट आखली.

"पहिल्या पानावर," छोटी म्हणाली. "वर, कोपऱ्यात. लहान. आणि दाबलं की आधी विचारेल, खरंच सगळं पुसायचं का? हो म्हटलं तरच पुसेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर जसंच्या तसं."

ताईने विचार केला. खूप वेळ केला, कारण लगेच मान्य करणं तिच्या रक्तात नव्हतं. "'खरंच' नको. 'खरंच' म्हटलं की माणूस घाबरतं. 'सगळं पुसू का?' एवढंच विचार. घरातल्यासारखं."

"चालेल."

"आणि मागच्या खोलीत माझं टेबल?"

"कागद आहेत त्यावर. हलवते."

"बाई," हेडक्लार्क घड्याळ दाखवत म्हणाले, "बारा वाजले. मला यादी टाइप करायला अडीच तास लागतात. स्कूटर बाहेर आहे. आता तरी चालत जाऊ नका."

छोटीने गठ्ठ्याकडे हात पुढे केला. ताईने गठ्ठा दिला नाही. त्यावर पंजा ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि दुसऱ्या हाताने तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली.

"एक राहिलं," ती म्हणाली. "त्रेसष्ट अर्ज मी वाचले. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर, बटणाच्या खाली, तू एक ओळ घातली आहेस. 'हा अर्ज थेट महाविद्यालयाच्या कार्यालयात पोचेल.' थेट, असं लिहिलंयस."

छोटी गठ्ठ्याच्या सुतळीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"अकरा दिवस मी त्या 'थेट'वर येऊन थांबतेय. लाल रेघ मारायला पेन्सिल टेकवते, आणि उचलते. म्हटलं, कशाला मारायची. आज आलीयेस म्हणून विचारते." तिने पेन्सिल गठ्ठ्यावर ठेवली. तिचा आवाज अगदी साधा होता, एखाद्या मुलीला आईचं नाव विचारावं तितका. "मला राग नाही यायचा. टेबल रिकामं करायला सांगितलंय ते काही मी मागे घेणार नाही. फक्त कळू दे. चुकून आले का गं माझ्याकडे?"

हेडक्लार्कांनी पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी त्यांनी तो तिथेच धरून ठेवला.

छोटीने ताईकडे बघितलं. मग ताईच्या हाताखालून गठ्ठा हलकेच ओढून घेतला आणि छातीशी धरला. त्यावर ठेवलेली लाल पेन्सिल घरंगळायला लागली, ती तिने वरच्या वर पकडली, स्वतःच्या अंबाड्यात खोवली, पायात चपला सरकवल्या आणि "अर्ज चुकून आले, ताई; ही पेन्सिल मात्र मुद्दाम नेतेय, दुकानात येऊन घे," म्हणत ती दारातून बाहेर पडली.